शेवाळ्याची उजवी बाजू

७ मार्च

इथे रागवायला धड माणूस नाही, म्हणून ही वही. मामा आहे, पण त्याच्यावर रागावून काही उपयोग होत नाही. तो सगळं ऐकून घेतो आणि विचारतो, "अंडं उकडून खाणार की फोडून?"

मामा या डोंगरावरचा वनरक्षक. सव्वीस वर्षं चौकीत एकटा राहतो आणि त्याला कसलाच कंटाळा येत नाही, हा त्याचा मुख्य दोष. मी कॉलेज अर्ध्यावर सोडून घरी बसलो तेव्हा यानेच आईला फोन केला. "पाठव त्याला वर. सरडे मोजायला माणूस हवाय. आणि सरड्यांशी कितीही भांडला तरी ते उलट बोलत नाहीत."

काम असं आहे. चौकीपासून वर शिखरापर्यंत जुन्या झाडांचं रान आहे, शेवाळाने नखशिखांत मढलेलं. त्यात एक हिरवा सरडा राहतो. शास्त्रीय नाव उच्चारताना जीभ मुरगळते, मामा त्याला शेवाळ्या म्हणतो. वीतभर लांब, अंगावर मण्यांसारखे खवले, डोळ्याभोवती पिवळं कडं. या डोंगराशिवाय जगात कुठेही नाही आणि इथेही असून नसल्यासारखाच. आता शिखरावर मोबाइलचा टॉवर येतोय आणि त्याचा रस्ता नेमका या रानातून. त्यासाठी नेमलेली समिती म्हणते, ३१ मेपर्यंत किमान दहा वेगवेगळे शेवाळ्ये मोजून दाखवा, म्हणजे रस्ता डोंगराच्या पलीकडच्या उघड्या सोंडेवरून नेऊ. दहा भरले नाहीत तर असतील तेवढे पकडून शहरातल्या केंद्रात काचेच्या पेट्यांत ठेवू आणि झाडं पाडू. दहाच का, नऊ का नाही, हे कोणालाच माहीत नाही.

खरं सांगायचं तर टॉवर मलाच सगळ्यात जास्त हवाय. चौकीत रेंज नाही. तासभर चढून गेलं की एका वळणावर जेमतेम एक काडी मिळते. टॉवर असता तर रोज तिच्याशी बोललो असतो. ती म्हणजे ती. या वहीत हा शब्द दुसऱ्या कोणासाठी वापरायचा नाही, असं आजच ठरवून टाकतो.

मामा आज म्हणाला, "एक शेवाळ्या तर आपल्या टाकीमागच्या सरपणावरच येतो की. साहेब म्हणतो मी त्याला. ऊन पडलं की हजर."

मी त्याला केंद्राने दिलेलं पुस्तक दाखवलं. स्वच्छ लिहिलंय, हा सरडा जिवंत झाडांवर राहतो, खाली उतरत नाही, वाळक्या लाकडावर कधी दिसलेला नाही. मामाचा साहेब म्हणजे साधी पाल असणार.

"बरं," मामा म्हणाला.

९ मार्च

शेवाळ्या दिसला. पाऊण सेकंद. मी कॅमेरा उचलेपर्यंत खोडाच्या मागे. मी मागे गेलो तर तो पुढे. पुढे आलो तर तो मागे. एका झाडाभोवती वीस मिनिटं प्रदक्षिणा घातल्या. शेवटी मिळालेल्या फोटोत झाड आहे, माझं बोट आहे आणि अर्धी शेपूट आहे.

१५ मार्च

प्रत्येक सरड्याच्या डोळ्यामागच्या खवल्यांची नक्षी वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशासारखी. मी फोटो काढायचे, दर शनिवारी दुधाच्या गाडीवाल्याकडे मेमरी कार्ड द्यायचं, तो ते शहरातल्या केंद्रात पोचवतो. तिथल्या मुख्य मॅडमच्या हाताखाली कोणीतरी नक्षी जुळवून बघतं. पुढच्या शनिवारी कोरं कार्ड आणि एक चिठ्ठी परत.

पहिली चिठ्ठी आज आली:

"क्र. १ : फोटोत शेपूट आहे. शेपटीवरून ओळख पटत नाही. डोळ्यामागचे खवले दिसायला हवेत. एकाच सरड्याच्या दोन्ही बाजू हव्यात."

खाली नाव नाही, नुसती बरोबरची खूण, तीही पेन्सिलने. अक्षर पाटीवर लिहिल्यासारखं सुबक. मला डोळ्यांसमोर दिसतायत या बाई. तीस वर्षं नोकरी, चष्म्याला दोरी, कानामागे पेन्सिल. आयुष्यात एकदाही डोंगर चढलेल्या नसणार. एकाच सरड्याच्या दोन्ही बाजू हव्यात म्हणे. एक मिळवताना इथे गुडघे सोलून निघतात.

गाडीवाल्याला विचारलं, या चिठ्ठीबाई कोण. तो म्हणाला, "मला खिडकीतून पाकीट देतात. हात गोरा आहे बघा."

२ एप्रिल

पाच नंबर झाले. नवी नक्षी दिसली की नवा नंबर.

चिठ्ठीबाईंचं आज पाकीट आलं, त्यात लोकरीचे मोजे. "फोटो हलले आहेत. हात गारठत असतील. हातमोजे मिळाले नाहीत, यांचीच बोटं कापून वापरा. दोन्ही बाजू."

म्हणजे माझा हात हलतो हेही यांच्या नजरेतून सुटत नाही. मोजे मात्र उबदार आहेत.

५ एप्रिल

चिठ्ठी: "फोटो क्र. ४४ मध्ये सरडा नाही. पण धुकं छान आलंय. ठेवून घेतला."

ठेवून कशाला घ्यायचा? चुकांच्या फायलीला लावणार असतील. मामाला दाखवली. त्याने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं, परत चिठ्ठी वाचली आणि स्टोव्हला पंप मारायला लागला. याला हसू येतंय की खोकला, ते कळलं नाही.

११ एप्रिल

वळणावर गेलो. तिचा मेसेज नाही. सलग पाचवी खेप. माझे एकोणीस पोचलेत, तशी खूण दिसते.

आज फारच चीड आली म्हणून कॉलेजचं लिहून ठेवतो. लंबकाचं प्रात्यक्षिक होतं. माझं उत्तर ९.३ आलं, पुस्तकात ९.८. सर म्हणाले, "खोड आणि ९.८ लिही." मी म्हटलं, मोजलं ते लिहिलंय. सर म्हणाले, "मोजायला तुला कोणी सांगितलं होतं?" मी जर्नल दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून फेकलं. खाली प्राचार्य फुलझाडांना पाणी घालत होते. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

ती शेजारच्याच टेबलावर होती. लंबक टांगलाही नव्हता, पण ९.८ लिहून मोकळी झाली होती, इतकी हुशार. मी तावातावाने निघालो तेव्हा माझ्यामागे जिन्यापर्यंत आली. कॅन्टीनही त्याच बाजूला आहे हे मला माहीत आहे. तरी आली.

१९ एप्रिल

चिठ्ठी: "बारा तारखेच्या कार्डात एकही फोटो नाही. बरं आहे ना?"

हजेरी घेतात. ताप होता दोन दिवस. उत्तर लिहिलं नाही.

२६ एप्रिल

बारा. बारा नक्ष्या, बारा नंबर.

चिठ्ठीबाईंना तरी आनंद होईल असं वाटलं होतं. यांची चिठ्ठी: "बारा वेगळ्या नक्ष्या पक्क्या. किती सरडे, ते दोन्ही बाजू जुळल्याशिवाय सांगता येणार नाही." काही लोकांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवतच नाही. नक्षी वेगळी म्हणजे सरडा वेगळा, हे शेंबडं पोरही सांगेल.

समितीचा महिन्याचा फॉर्म मीच भरतो आणि तो वेगळ्या पाकिटातून थेट त्यांच्याकडे जातो. 'वेगळे प्राणी' या रकान्यात १२ लिहिलं. अंक दोनदा गिरवला. मग वळणावर जाऊन तिला कळवलं.

मामा म्हणाला, "तेरा झाले असते. साहेबांना धरलं नाहीस."

"मामा, ती पाल आहे."

"पाल हिरवी असते होय?"

"शेवाळ लागलं असेल."

"बरं," मामा म्हणाला.

२९ एप्रिल

तिचा मेसेज आला. सगळा इथे उतरवून ठेवतो.

"अरे वा बारा! भारीच. ऐक ना, तुझ्या त्या मॅडमना माझ्याबद्दल सांगशील का? प्रोजेक्टसाठी शिफारसपत्र हवंय. शुक्रवारपर्यंत मिळालं तर बेस्ट."

'ऐक ना' असं मला तिने आजवर कधी लिहिलं नव्हतं. उतरताना तीन वेळा घसरलो आणि एकदाही लागलं नाही. मॅडमना पत्र लिहून गाडीवाल्याकडे दिलं. बारा मोजणाऱ्याचा शब्द मॅडम टाकणार नाहीत.

६ मे

हे लिहायची इच्छा नाही.

सकाळी धुकं फाटलं आणि एक शेवाळ्या कोवळ्या रोपट्यावर आला. रोपटं माझ्या अंगठ्याएवढं. मागे लपायला जागाच नाही. तो वर चढला, थांबला, सावकाश वळला आणि खाली उतरला. मी आयुष्यात पहिल्यांदा एकाच सरड्याचे दोन्ही गाल काढले. हात हलला नाही.

चौकीत येऊन जुन्या फोटोंशी लावून बघितले. डावा गाल म्हणजे माझा क्र. ३. उजवा गाल म्हणजे माझा क्र. ८.

सरडा एकच. डावीकडची नक्षी वेगळी, उजवीकडची वेगळी. ज्या दिवशी जी बाजू मिळाली, तिला मी नवा नंबर देत गेलो. चिठ्ठीबाईंनी पहिल्या चिठ्ठीपासून हेच लिहिलं होतं.

सगळे बारा फोटो टेबलावर मांडले. सात डावे, पाच उजवे. डावे सात आहेत म्हणजे सरडे किमान सात. उजव्या पाचांतला एक जुळला, उरलेले चार या सातांपैकीच असतील, किंवा नसतील. खात्रीने सांगता येईल तो आकडा सात. आणि समितीकडे माझ्या हाताचे १२ पडलेत, दोनदा गिरवलेले.

७ मे

वळणावर गेलो. फोन लागला. तिचा आवाज तीन महिन्यांनी ऐकला.

"बाराचे सात? असं कसं होईल?"

सांगितलं. मध्ये दोनदा आवाज तुटला, पुन्हा सांगितलं.

"बरं, हे अजून कोणाला कळलंय?"

"कोणालाच नाही."

"मग झालं की. गप्प बस ना."

"पण ते बारा नाहीयेत."

"अरे, झाडं वाचावीत म्हणूनच बसलायस ना तिथे? बारा लिहिलेत, झाडं वाचतायत. कोण येणारे तिकडे एकेका सरड्याचे गाल बघायला? आणि हे बघ, मॅडमच्या पत्राचं आधी होऊ दे. मग तुला काय हवं ते कर."

तिचं चूक नाही. खरंच झाडं वाचतायत. तिथून उतरताना हेच घोळवत होतो, की तिचं चूक नाही. चौकीपर्यंत पोचलो तेव्हा कानशिलं तापली होती आणि का ते कळत नव्हतं.

मामाला सगळं सांगितलं. तो बटाटे सोलत होता.

"मला विचारू नकोस. मी इथेच राहतो. झाडं राहिली तर मला हवंच आहे."

"म्हणजे गप्प बसू?"

"तसं नाही म्हटलं. पण बारा म्हटलंस की वर्षावर्षाला बारा दाखवावे लागतील. असलेल्या जनावराला जपता येतं रे. नसलेल्या पाचांना कुठे शोधत फिरणार?"

मग बटाटा माझ्याकडे फेकून म्हणाला, "कॉलेजात कसला तो आकडा लिहिला नाहीस म्हणून घरी बसलास?"

"नऊ पूर्णांक तीन."

"हां. ते."

८ मे

गाडीवाला मधल्या वारीही इथून जातो, आज त्याला थांबवून ठेवला. त्याने दहा वेळा हॉर्न वाजवला. समितीला लिहिलं: "२६ एप्रिलच्या फॉर्ममधला आकडा चुकीचा आहे. खात्रीचे सरडे ७. चूक माझी." मॅडमना तेच. चिठ्ठीबाईंना वेगळं लिहावं लागलं. "तुम्ही सांगत होता ते मी ऐकलं नाही. दोन्ही बाजू सोबत जोडल्या आहेत." माफी हा शब्द लिहून खोडला, मग पुन्हा लिहिला.

पाकिटं देताना गाडीवाला म्हणाला, "प्रेमपत्रं का?"

त्याच्यावर ओरडायचं होतं, पण तेवढाही जोर उरला नव्हता.

१५ मे

तिचा मेसेज नाही. मॅडमनी शिफारसपत्र नाकारलं, असं मॅडमच्याच दोन ओळींवरून कळलं: "ज्यांना मी ओळखत नाही त्यांची शिफारस करत नाही. तुमची दुरुस्ती पोचली. अजून सोळा दिवस आहेत."

आणि गाडीतून कार्डाऐवजी एक मुलगी उतरली. पाठीवर माझ्या दुप्पट ओझं, पायात मळलेले बूट. चिठ्ठीबाईंनी मुलीला पाठवलं असं समजून मी अदबीने विचारलं, "आई नाही आल्या?"

"माझी आई? ती कशाला येईल?"

"फोटो बघायला."

माझ्याकडे नीट निरखून बघण्यात आलं. "क्र. ४४ तूच ना? धुकंवाला?"

चष्मा नाही. वय माझ्याएवढंच, फार तर वर्षभर जास्त. पेन्सिल मात्र कानामागे आहे.

"चिठ्ठीबाई?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"बाई कोणाला म्हणतोस?" मग ओझं माझ्या पायावर टाकून, "दोन्ही बाजू हव्यात हे किती वेळा लिहिलं होतं?"

"नऊ वेळा."

"अकरा."

मामा दारात उभा राहून म्हणाला, "आलीस का? अंडं उकडून की फोडून?" जसं काही याला आधीपासून माहीत होतं.

१७ मे

चिठ्ठीबाईंची युक्ती इतकी सोपी आहे की संताप येतो. "तुला बघून तो खोडामागे जातो ना? मग मी खोडामागे उभी राहते."

मी अडीच महिने एकटा प्रदक्षिणा घालत होतो.

दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं, हलायचं नाही, कुजबुजत बोलायचं. मध्ये शेवाळाचं जाड खोड, त्यामुळे माणूस दिसत नाही, फक्त आवाज येतो.

"डोळा दिसतोय?"

"कोणाचा?"

"सरड्याचा, गाढवा."

"दिसतोय. डावा."

"हलू नकोस. उजवा माझ्याकडे आहे."

एका दिवसात तीन जोड्या जुळल्या. मला गाढव म्हणण्यात आलं, याबद्दल मी काही बोललो नाही. उद्या बोलेन.

२४ मे

पाचपैकी तीन उजवे गाल सातांपैकीच तिघांचे निघाले. उरलेल्या दोघांचे डावे गाल मात्र नवेच, सातात न बसणारे. म्हणजे नऊ. दोघांनी तीनदा तपासलं.

चिठ्ठीबाई घाईत कधीच नसतात. सरडा सापडला नाही तर अर्धा तास एका फांदीकडे बघत बसतात. मी वैतागतो. मग सरडा त्याच फांदीवर निघतो. याचा मला जास्तच वैताग येतो.

आज जेवताना विचारलं, "क्र. ४४ चं काय केलंत?"

"टेबलासमोर लावलाय."

"चूक दाखवायला?"

चिठ्ठीबाईंनी मामाकडे बघितलं. मामाने छताकडे बघितलं.

"हो," म्हणाल्या. "चूक दाखवायला."

वाटलंच होतं.

३० मे

सहा दिवस पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. प्रत्येक झाड, दोन्ही बाजूंनी. तेच नऊ पुन्हापुन्हा भेटतात. आता चेहऱ्यावरून ओळखतो मी त्यांना. क्र. ३ ला मी काचेच्या पेटीत कसा बघणार? रस्त्याच्या लोकांनी झाडांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगाने फुल्या मारायला सुरुवात केली आहे. उद्या शेवटचा दिवस.

३१ मे

दुपारी दोनपर्यंत नऊच.

गाडीवाला थांबला होता. मी फॉर्म काढला. 'वेगळे प्राणी' या रकान्याशी पेन थांबलं. एकच अंक तर वाढवायचा होता. कोणीही आलं नसतं गाल बघायला. चिठ्ठीबाई समोर उभ्या होत्या. मी ९ लिहिलं. एकदाच. गिरवलं नाही. शेजारी त्यांनी सही केली आणि हात धुवायला टाकीकडे गेल्या.

मी फुल्या मारलेल्या झाडांकडे बघत पायरीवर बसलो. डोळे भरून आले, ते धुरामुळे. मामाने चूल पेटवली होती.

टाकीमागून आवाज आला, अगदी हळू. "उजवी बाजू माझ्याकडे आहे."

मला कळेना.

"डावीकडून ये. पळत नको. कॅमेरा घे."

सरपणावर ऊन पडलं होतं. वाळक्या फाट्यांच्या ढिगावर, पुस्तकाला न जुमानता, वीतभर हिरवा साहेब पसरला होता. डोळ्याभोवती पिवळं कडं. मी गुडघ्यांवर रांगत डावीकडे गेलो. त्याने मला बघितलं आणि पलीकडे जायला वळला. पलीकडे चिठ्ठीबाई. पुन्हा माझ्याकडे वळला. मग दोन्हीकडून कंटाळून जागच्या जागी बसला. फाट्यांच्या फटीतून मला त्याचा डावा गाल दिसत होता आणि त्याच्यामागे एक उजवा डोळा, न मिटणारा, कॅमेऱ्याला लावलेला.

दोन्ही गाल नवे. नऊंपैकी कोणाचेच नाहीत. आणि टाकी चौकीच्या अंगणात, म्हणजे रानाच्या हद्दीच्या खांबापासून चार पावलं आत. मी पावलं टाकून मोजली. मग मामाला मोजायला लावली. त्याचीही चारच.

"मार्चपासून सांगतोय," मामा म्हणाला. "हिरवा आहे, पिवळा डोळा आहे. तर म्हणे शेवाळ लागलंय."

मला एवढी चीड कधीच आली नव्हती, आणि सगळी माझीच मला. मामाला मिठी मारली तर म्हणाला, "सोड, हाताला राख आहे."

फॉर्मवर ९ खोडून १० लिहिलं. चिठ्ठीबाई म्हणाल्या, "खोडलंय तिथे दोघांच्या सह्या." केल्या. गाडीवाल्याचा हॉर्न वाजतच होता. चिठ्ठीबाई त्याच गाडीने गेल्या. जाताना कानामागची पेन्सिल मला दिली. माझ्याकडे पेन आहे, हे सांगेपर्यंत गाडी सुटली.

१९ जून

समितीचं पत्र आलं. दहा मान्य. रस्ता पलीकडच्या सोंडेवरून. खाली बारीक अक्षरांत: "मात्र ही संख्या दर वर्षी ३१ मेपर्यंत पुन्हा सिद्ध करावी." यांना कंटाळा कसा येत नाही?

मामाने बुंध्यांवरच्या फुल्या काथ्याने घासून काढायला घेतल्यात. शेवाळाजवळ आला की ते निघू नये म्हणून नखाने खरवडतो. एक झाड, एक दिवस. त्याचा वेग बघून माझं डोकं फिरतं, म्हणून मीही एक झाड घेतलंय.

वळणावर पस्तीस दिवसांत गेलो नाही. आज लक्षात आलं.

सरपणाला हात लावायचा नाही असं ठरलंय, जेवण स्टोव्हवर. ढिगाच्या दोन बाजूंना बसायला दोन दगड आणून ठेवले. डाव्या बाजूचा जरा डुगडुगतो, तो मी घेतला.

मामाने विचारलं, "दोन कशाला?"

"शनिवारी ती येतेय ना."

"ती कोण?"

आख्ख्या डोंगरावर येऊन येऊन येणार तरी कोण? या माणसाला काही म्हणजे काही कळत नाही.